कचऱ्याला गिऱ्हाईक पाहिजे

आपल्या नागपुरात रस्त्याच्या कडेला, नालीत, रिकाम्या प्लॉटवर काय पडलेलं असतं ते एकदा नीट पहा. खर्र्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून देतात त्या प्लॅस्टिकच्या पन्न्या, चिप्सची चकचकीत पाकिटं, टपरीवरचे कागदी कप, शहाळी, थर्माकोल, कोणाच्या तरी घराचं काम निघालं त्याचा मलबा. आता काय नसतं तेही पहा. बियरची बाटली नसते, पुठ्ठ्याचा खोका नसतो, लोखंडाचा तुकडा तर औषधालाही सापडत नाही. लोकं बियर पीत नाहीत असं तर नाही ना बापा, आणि ऑनलाइनचे खोके तर आमच्या एका स्कीममध्येच, म्हणजे फ्लॅटच्या बिल्डिंगमध्येच, ढिगानं येतात, पण सकाळी उजाडायच्या आत कोणीतरी बाई पोतं घेऊन येते आणि सगळं उचलून नेते, कारण त्याचे कबाडी पैसे देतो. पन्नीचे देत नाही. कागदी कपाचेही देत नाही, त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो म्हणून तो धड रद्दीत जात नाही आणि धड प्लॅस्टिकमध्ये जात नाही.

शहराच्या कचऱ्यावर एवढं बोलल्या जातं, सर्वेक्षण, रँकिंग, भिंतींवरची चित्रं, कचरागाडीवरचं ते हिंदी गाणं जे आमच्या शेजारच्या बोबड्या पोराला सुद्धा पाठ आहे, पण मला विचाराल तर सगळं येऊन एकाच प्रश्नावर अडतं, की या वस्तूला गिऱ्हाईक आहे का. ज्याला आहे ते कचरा होतच नाही. ज्याला नाही ते भांडेवाडीला जातं.

भांडेवाडी म्हणजे काय ते नागपूरकराला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. शहराच्या पूर्वेला मनपाचं डम्पिंग यार्ड आहे, कित्येक दशकांपासून शहराचा कचरा तिथे पडतो. तेव्हा ते गावाबाहेर होतं, मग शहर वाढत वाढत त्याच्या अंगावर गेलं आणि आता चारी बाजूंनी वस्ती आहे. माझी मावशी वाठोड्याकडे राहते. तिच्याकडे गेलं की वारा कुठून वाहून राहिला ते आधी पाहायचं आणि मगच गच्चीवर बसायचं का घरात ते ठरवायचं. उन्हाळ्यात यार्डात आग लागली की मग विचारूच नका, धूर दिवसरात्र घरात, वाळत टाकलेले कपडे परत धुवायचे. ही आग कोणी काडी लावल्यानंच लागते असं नाही. ओला कचरा ढिगाखाली दबला, त्याला हवा मिळाली नाही की तो सडताना मिथेन तयार होतो, आणि वर पंचेचाळीस डिग्रीचं ऊन आणि सुकलेलं प्लॅस्टिक, मग काय राहिलं. वरून पाणी मारून विझली असं वाटतं आणि आतून धुमसतच असते.

मावशीसमोर मी एकदा म्हटलं की आमच्याकडे गाडी रोज येते, कचरा रोजच्या रोज जातो. ती म्हणाली, "जातो म्हणजे? कुठं जातो? तो इथंच येते ना बाई."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण मारबत काढतो, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, रोगराई, इडापिडा, महागाई, सगळं काही 'घेऊन जा गे मारबत' म्हणत शहराबाहेर न्यायचं आणि जाळून टाकायचं. मला ती मिरवणूक फार आवडते, महालात, इतवारीत काय गर्दी असते, पण कचऱ्याच्या बाबतीत आपण वर्षभर रोजच मारबत काढतो. फक्त जिथे नेऊन टाकतो तिथे माणसं राहतात.

आता जरा हिशेब करू, मला हिशेब आवडतो. नागपुरात रोज निघणारा कचरा हजार ते बाराशे टन धरतात. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाख होती, आज ३० लाख धरा, म्हणजे माणशी रोज साधारण ४०० ग्रॅम. यातला निम्मा तरी ओला असतो, भाजीचे देठ, सालं, शिळा भात, चहाचा चोथा. १२०० चा निम्मा ६०० टन. आणि या ओल्या कचऱ्यात वजनानं ७० टक्के तर नुसतं पाणी असतं. म्हणजे ४०० टनांच्या वर पाणी. टन म्हणजे हजार लिटर, तेव्हा चार लाख लिटर, दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. मे महिन्यात आपण टँकरवाल्याला फोन करकरून थकतो आणि तिकडे रोज चाळीस टँकर पाणी डिझेल जाळून भांडेवाडीला पोचवून राहिलो, तेही वास मारणारं.

आणि ते पोचवायचे पैसे टनावर मिळतात, मुद्दा इथेच आहे. कचरा उचलण्याचं बिल वजनावर निघतं. मग सांगा, कचरा कमी व्हावा असं या साखळीत कोणाला वाटेल? जितका ओला, जितका जड, तितकं बरं. मागे पेपरात बातम्या आल्या होत्या की कचऱ्याच्या गाड्यांत माती आणि मलबा भरून वजन वाढवतात. वाचून लोकं चिडली, चिडायलाच पाहिजे, पण वजनाला भाव देऊन ठेवल्यावर वजनच मिळणार ना, दुसरं काय मिळणार.

आमच्या गल्लीतल्या गाडीला हिरवा आणि निळा असे दोन कप्पे होते, मधे पार्टिशन. आम्ही दोन बादल्या वेगळ्या नेऊन द्यायचो आणि गाडीवरचा भाऊ दोन्ही एकाच कप्प्यात उलट्या करायचा. विचारलं तर म्हणे, "ताई, पुढं जाऊन एकच होते सगळं, काऊन मेहनत करून राहिले तुम्ही?" त्याचा मला राग आला नाही, खरं सांगते. पहाटेपासून तो लोकांच्या डायपरमध्ये हात घालून राहिला, हातमोजे फाटलेले, आणि त्याच्या पगारात वेगळा कचरा आणल्याचे वेगळे पैसे नाहीत. राग येतो तो ही व्यवस्था कागदावर लिहिणाऱ्याचा. २०१६ च्या घनकचरा नियमांतच स्पष्ट होतं, ओला, सुका आणि घरातला घातक असा तीन ठिकाणी वेगळा करा, आणि ज्यांचा कचरा रोज १०० किलोच्या वर असेल, मोठी हॉटेलं, मोठ्या सोसायट्या, त्यांनी ओला जमेल तितका आपल्याच आवारात जिरवा. नियम चांगलेच होते. लग्नसराईत एखाद्या मंगल कार्यालयाच्या मागे चक्कर मारून या आणि सांगा कुठे जिरवल्या जातो ते. गंमत म्हणजे पर्यावरणाच्या इंजिनिअरिंगवर काम करणारी देशातली मोठी संस्था, नीरी, १९५८ पासून आपल्याच गावात आहे. त्यांना काय कळत नाही असं नाही. कळणं आणि बिल निघणं या दोन वेगळ्या टेबलांवरच्या गोष्टी आहेत.

हे नागपूरला जमतच नाही असं मात्र म्हणू नका, कारण याच भांडेवाडीत एक गोष्ट झकास जमलेली आहे आणि तिचं आपण पुरेसं कौतुक करत नाही. कचऱ्याच्या ढिगापासून जवळच सांडपाण्याचं शुद्धीकरण केंद्र आहे. आपल्या संडास-मोरीचं पाणी तिथे साफ होतं आणि पाइपलाइननं कोराडीच्या वीज केंद्राला जातं, रोज १३० दशलक्ष लिटरची सोय त्यासाठी केली. वीज केंद्राला थंड करायला पाणी लागतंच, ते नाही मिळालं तर धरणातलं घेणार, म्हणजे तुमच्या-आमच्या नळातलं. हे का चाललं? कारण पलीकडे महाजनको, म्हणजे राज्याची वीज निर्मिती कंपनी, पाणी घ्यायला उभी होती आणि पैसे मोजायला तयार होती. घाण तीच, शहर तेच, मनपा तीच. गिऱ्हाईक होतं, म्हणून चाललं.

इंदूरचं नाव निघतंच अशा वेळी, स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून पहिला नंबर सोडायला तयार नव्हते, आणि आपली मंडळी तिथे अभ्यास दौरा करून सराफा बाजारात खाऊन परत येतात. तिथे ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करायचा ५५० टनांचा प्लांट फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाला, त्या गॅसवर सिटी बस चालते. पण प्लांट चालतो कारण त्याला ओला कचरा ओलाच मिळतो, त्यात पन्नी आणि सेल आणि काचा नसतात. ते घरोघरी वेगळं करून घ्यायचं काम त्यांनी आधी केलं. आपल्याकडे भांडेवाडीत जुना ढीग बायोमायनिंगनं उपसायचं काम झालं, म्हणजे मोठ्या फिरत्या चाळण्यांतून काढून माती वेगळी आणि जळणारं प्लॅस्टिक-चिंध्या वेगळ्या करायच्या, ते सिमेंटच्या भट्टीला जळण म्हणून जातं. आता एका डच कंपनीसोबत मोठ्या प्लांटचा करार केला आहे, ओल्या कचऱ्याचा गॅस वगैरे. होऊ द्या, चांगलंच आहे. मी फक्त त्या गाडीवरच्या भावाचं वाक्य आठवून गप्प बसते.

पुण्याचं उदाहरण मला इंदूरपेक्षा जास्त पटतं. तिथे २००८ पासून 'स्वच्छ' म्हणून कचरावेचक बायांचीच सहकारी संस्था मनपाबरोबर काम करते. बाई घरी येऊन कचरा घेते, घरवाले तिला महिन्याचे पैसे देतात, आणि सुका माल विकून आलेले पैसे तिचे. आता पहा, मिसळून दिलेला कचरा तिच्या पोटावर पाय आणतो, म्हणून तीच तुम्हाला दारात उभं करून दटावते की वहिनी, हे काय दिलं. आपल्याकडे असल्या बायांना आपण गेटवरून हाकलतो. आमच्या स्कीमच्या गेटवर तर बोर्डच होता, भंगारवाल्यांना आत येण्यास मनाई.

तो बोर्ड आता काढला. त्याची गोष्ट म्हणजे दोन निळे ड्रम आणि भरपूर भांडणं.

मिटिंगमध्ये ओल्या कचऱ्याचं खत करायचा विषय काढला तेव्हा अपेक्षेप्रमाणे "वास येईल" हे पहिलं वाक्य आलं आणि "ढवळणार कोण" हे दुसरं. ढवळणार चौकीदार काका, त्यांना वेगळे पैसे, हे ठरायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला, खत बनायला त्यापेक्षा कमी लागला म्हणा ना. ड्रमला खाली आणि बाजूनं ड्रिलनं भोकं पाडली, बुडाशी विटांचे तुकडे आणि वाळका पाला, त्यावर बादलीभर ओला कचरा पडला की तेवढाच पाला, अधूनमधून आंबट ताक नाहीतर शेणाचं पाणी. एवढंच. वास येतो तो पाणी जास्त झालं की, तेव्हा अजून पाला टाकायचा आणि ढवळायचं, पंधरा मिनिटांत वास बसतो. आमच्याकडे उलटीच पंचाईत होते, एप्रिल-मे मध्ये ड्रम असा कोरडा पडतो की आतला कचरा कुजायच्या ऐवजी पापडासारखा वाळून बसतो. मग कूलरची टाकी धुताना जे पाणी फेकतो ना आपण, ते तिथे शिंपडायला लागलो. पावसाळ्यात मात्र आत राखाडी, जाड्या अळ्या झाल्या आणि दुसऱ्या माळ्यावरच्या काकूंनी झाकण उघडून जी किंकाळी फोडली ती चौकातल्या मेडिकलवाल्यालाही ऐकू गेली असेल. त्या अळ्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, आणि सावजीच्या उरलेल्या रश्श्यापासून सगळं फस्त करतात. काकू आता त्यांना "आपल्या पोरी" म्हणतात.

संत्र्यांच्या मोसमात वेगळाच गोंधळ. घरोघरी टोपलीनं संत्री, आणि सालं सगळी ड्रममध्ये. सालीत जे तेल असतं त्यानं कुजायची क्रिया मंदावते, म्हणून सालं बारीक तोडून, दोन दिवस उन्हात वाळवून मग थोडी थोडी टाकायची. बाकीच्या सालांचं बायोएन्झाइम करतात, एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी, तीन महिने बाटलीत, आणि सुरुवातीला रोज झाकण सैल करून गॅस काढायचा नाहीतर बाटली फुटते. फरशी पुसायला चांगलं आहे, वासही बरा येतो, पण सोशल मीडियावर त्याचं जेवढं कौतुक चालतं तेवढं काही मला वाटत नाही, फरशी साध्या पाण्यानंही पुसल्या जाते.

खरा फायदा खतात नव्हता. खत किती निघतं, ड्रमभर कचऱ्याचं तळाशी चौथाई उरतं, कुंड्यांना पुरतं. फायदा झाला तो सुक्या कचऱ्याचा. ओलं बाजूला गेल्याबरोबर सुकं स्वच्छ राहायला लागलं, दुधाच्या पिशव्या खळखळून वाळवलेल्या, खोके कोरडे. आधी कबाडी आमचं पोतं बघून नाक मुरडायचा, त्यातल्या भाजीच्या पाण्यानं रद्दी भिजलेली असायची. आता चौकीदार काकांची बायको माल वेगळा करते, कबाडी गेटच्या आत येतो, वजन करतो, पैसे तिला मिळतात. तिनं मला एक गोष्ट शिकवली, ती मी कुठेही वाचली नव्हती. पिशवी चुरगाळून कानाशी धरायची, नुसती सळसळली तर विकल्या जाते, आणि चिप्सच्या पाकिटासारखी कडकड वाजून परत उलगडली तर नाही. त्या पाकिटात प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करायला जेवढा खर्च येतो तेवढी त्याची किंमत नाही. म्हणून तेवढं गाडीत जातं, आणि सोबत डायपर आणि पॅड, कागदात गुंडाळून वर लाल खूण करून, म्हणजे निदान उचलणाऱ्याला कळेल आत काय आहे.

पाला मात्र कमी पडायला लागला. हे ऐकून हसाल, फेब्रुवारी-मार्चमध्ये अख्ख्या लेआउटमध्ये कडुनिंबाचा पाला गुडघाभर साचतो आणि सकाळी सकाळी त्याला काडी लावून देतात. हरित लवादानं २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळल्यास ५ हजार रुपये दंड सांगून ठेवला आहे, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५ हजार, आणि आमच्या लेआउटमध्ये थंडीत शेकोटी आणि मार्चमध्ये पाला असा कार्यक्रम चालूच असतो. झाडायला येणाऱ्या ऐवजदार ताईंना आम्ही म्हटलं की जाळू नका, पोत्यात भरून आमच्या गेटवर ठेवा, चहा पाजू. चहावर कोण ऐकतं, पोत्यामागे पैसे ठरवले तेव्हा पाला यायला लागला. आता बाजूच्या स्कीमवाल्यांनीही ड्रम लावले आणि पाल्याचा भाव वाढला, यावरून आमचे सेक्रेटरी काका चिडलेले आहेत. मला तर आनंदच झाला.

राहता राहिली खर्र्याची पन्नी. पावसाळ्याच्या तोंडावर आमची नाली तुंबली, साफ करणाऱ्यानं बांबूची खपची घालून ओढलं तर पन्न्यांचा लगदाच बाहेर आला, हातभर लांब, मधे मधे सुपारीचे कण चिकटलेले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी नाग नदीतून लोकांच्या घरात शिरलं त्याला कारणं बरीच होती, पण तेव्हापासून नालीतली पन्नी पाहिली की माझं डोकं जरा जास्तच फिरतं. चौकातल्या पानठेल्यावर गेले. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिक बंदी आहे, २०२२ च्या जुलैपासून देशभर सिंगल यूज प्लॅस्टिकच्या काही वस्तूंवर बंदी आहे, हे सगळं त्याला सांगितलं. तो शांतपणे पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून घोटत होता, सराईत हात, बघत राहावं असा.

"ताई, कागदात खर्रा घोटल्या जाते का? फाटून जाते ना तो."

मग डबी आणायला सांगा लोकांना, मी म्हटलं.

"डबी आणतात ना म्हातारे. पोरं कुठं आणतात. आणि पथकवाले आले तर पन्नीचा दंड कराचा का खर्र्याचा, त्याइलेच समजत नाही."

ते मात्र खरं आहे, खर्रा विकण्यावर सुद्धा राज्यात कधीपासून बंदी आहे. आता बंदी असलेल्या मालाच्या बंदी असलेल्या पॅकिंगला डिपॉझिट लावा, पन्नी परत आणली की रुपया वापस, असा अर्ज मनपात कोणत्या खिडकीवर द्यायचा? ठेलेवाल्याला मी विचारलंच, रुपया लावला तर पन्न्या परत येतील का. तो हसला.

"रुपयात? सकाळी त्या पोतेवाल्या बाया मी शटर उघडायच्या आत अख्खा चौक साफ करून ठेवतीन."